पेटीतले गाव

चढत्या क्रमाने मांडलेल्या सामग्रीचे चार समान भाग करणाऱ्या तीन मूल्यांना चतुर्थके म्हणतात. पहिल्या चतुर्थकाच्या खाली पाव प्राप्तांक असतात, दुसऱ्याच्या खाली निम्मे आणि तिसऱ्याच्या खाली पाऊण. दुसऱ्या चतुर्थकाचे जुने नाव मध्यक. त्याची गाठ नववीतच पडलेली असते. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात उरलेली दोन अकरावीत येतात, अर्थशास्त्राच्या ‘विभाजन मूल्ये’ या प्रकरणात, आणि येताना दशमके व शतमके ही भावंडेही घेऊन येतात. चार भाग केले तर चतुर्थके तीनच कशी, चौथे कुठे गेले, हा वर्गातला पहिला प्रश्न ठरलेला. चार भावांत शेत वाटले तर बांध तीनच पडतात, एवढे सांगितले की खेड्यातल्या वर्गाला ते पटते. चौथा बांध कोर्टात पडतो, अशी पुरवणी मागच्या बाकावरून मिळते.

असेच एक खेडे म्हणजे बिद्री, कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावरचे, कागल तालुक्यातले गाव. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे त्याचे नाव जिल्हाभर झाले. अशा गावातल्या मुलाला आकड्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. एकरी टन, साखर उतारा, पहिली उचल, दुधाची फॅट हे शब्द त्याच्या कानावर पाढ्यांच्या आधी पडलेले असतात. अडचण निराळी आहे. हे आकडे एक तर एकेकट्याचे असतात, नाही तर सरासरीचे. उसाची एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा किमान दरच घ्या. २०२४-२५ च्या हंगामात ती १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,४०० रुपये होती. हा उतारा धरायचा तो कारखान्याचा सरासरी. एकाच्या उसात साखर ठासून भरलेली, दुसऱ्याचा ऊस नुसत्या पाण्यावर फुगलेला. दोन्ही मोळ्या गव्हाणीत पडल्या की भेद संपतो आणि दर एकच निघतो. सरासरीचा स्वभाव असा मुळातच सहकारी. चतुर्थक त्या पंथातले नाही. ते सगळ्यांना रांगेत उभे करते आणि प्रत्येकाला विचारते, तुझा नंबर कितवा?

म्हणून पहिला नियम: आधी क्रम लावा. परीक्षेत सर्वाधिक गुण जातात ते याच पायरीवर. अकरा आकडे असतील तर सहावा मध्यक, हे सर्वांना पाठ असते. आकडे चढत्या क्रमाने हवेत, हे मात्र वहीतच राहते. मग प्रश्नपत्रिकेत ज्या क्रमाने छापले त्याच क्रमातला सहावा आकडा उचलला जातो, ‘म्हणून मध्यक’ असे लिहून त्याच्या पुढे मांडला जातो आणि त्याखाली पट्टीने दोन रेघा मारल्या जातात. उत्तर चुकलेले असते, रेघा मात्र नमुनेदार.

यावर शिक्षकांचा उपाय म्हणजे वर्ग मैदानावर नेणे. वर्गात तेवीस मुले आहेत असे धरू. उंचीच्या चढत्या क्रमाने रांग लावायची, एवढेच काम. दहा मिनिटांचे हे काम तास संपेपर्यंत चालते. बूट काढायचे की ठेवायचे, यावर पहिला वाद. केस उभे करून आलेल्याचा आग्रह असतो की उंची केसांसकट धरावी. दोघे सारखेच उंच निघाले तर दोघांच्या डोक्यांवर पट्टी आडवी ठेवून निवाडा होतो, आणि पट्टी जो धरतो त्याच्या दोस्ताकडे ती हमखास कलते. ‘सर, ह्यो टाचा वर करतोय!’ अशी तक्रार येते आणि तिचा निकाल लागेपर्यंत रांगेचे दुसरे टोक विस्कटलेले असते. अखेर रांग जमते. तेविसात एक मिळवून चाराने भागले की सहा येतात. सहावा, बारावा आणि अठरावा एक पाऊल पुढे येतो. ही तीन चतुर्थके. मग कुणाच्या तरी गोठ्यातून आणलेला कासरा सहाव्यापासून अठराव्यापर्यंत लावून मधला घोळका बांधला जातो. पेटी-आलेखातली पेटी तयार होते. कासऱ्याबाहेर दोन्ही बाजूंना जी मुले उरतात, त्यांना आलेखात मिश्या म्हणतात.

या जिवंत आलेखातून जे कळते ते फळ्यावर कळायला आठवडा लागला असता. रांगेतल्या सर्वांत उंच मुलाला बाकावर उभे करा. वर्गाची सरासरी उंची लगेच वाढते. कासरा मात्र जागचा हलत नाही, कारण बाकावर चढला तरी तो पोरगा तेविसावाच. टोकाच्या माणसाने कितीही उड्या मारल्या तरी मधल्यांच्या जागा बदलत नाहीत, हा चतुर्थकांचा सर्वांत मोठा गुण. शाळेच्या तपासणीला आलेल्यांना मात्र हा पाठ गुरे बांधण्याचा वाटण्याचा संभव असतो.

घरचा अभ्यास घेताना चतुर्थके नातवापेक्षा आजोबांना लवकर कळतात, असेही आढळते. ज्यांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी आणि दिडकी मार खाऊन पाठ केली, त्यांना पाव, निम्मे आणि पाऊण या तीन ठिकाणी रेघ मारा म्हटले की पुरते. नातू तेवढ्या वेळात मोबाईलवर सूत्र शोधत असतो.

मैदानावरून वर्गात आले की आकडे येतात. फळ्यावर अकरा काल्पनिक शेतकऱ्यांचा लागणीचा ऊस एकरी किती टन निघाला ते लिहिले जाते: २८, ३२, ३५, ३८, ४०, ४२, ४४, ४७, ५२, ५८ आणि ९६. शेतकरी काल्पनिक आहेत हे ठळक अक्षरांत लिहिलेले असूनही ९६ टनवाला कोण, याचा तपास मागच्या बाकावर सुरू होतो आणि दोन-तीन नावे नक्कीही होतात. एकूण बेरीज ५१२, म्हणून सरासरी साडेसेहेचाळीस टनांच्या किंचित वर. या सरासरीच्या पुढे चौघेच आहेत, सात जण मागे. म्हणजे अकरांतले सात जण सरासरीपेक्षा कमी, आणि हा चमत्कार एकट्या ९६ ने केलेला. त्याला वगळले तर उरलेल्या दहांची सरासरी ४१.६ वर येते. मध्यकाचे काय? सहावा आकडा ४२. त्याला ९६ ची दादही नाही, फिर्यादही नाही. पहिले चतुर्थक तिसरा आकडा, ३५. तिसरे चतुर्थक नववा, ५२. या दोहोंतले अंतर १७ टन, त्याला आंतरचतुर्थक विस्तार म्हणतात. गावातला मधला निम्मा शेतकरी या सतरा टनांत बसला.

आलेख काढायची रीत सोपी आहे. आलेख कागदावर २० ते १०० अशी आडवी रेघ, तिच्यावर ३५ पासून ५२ पर्यंत पेटी, पेटीत ४२ वर उभी रेघ. मग पेटीच्या दोन्ही अंगांनी मिश्या. त्या सरळ रेघेच्याच काढायच्या असतात. कोल्हापूर जिल्ह्यात मात्र टोके वर वळवलेल्या मिश्याही वह्यांत सापडतात आणि त्यांचे गुण कापताना परीक्षकाचा हात अडखळतो.

काढणे जमले तरी वाचणे जमतेच असे नाही. पेटीच्या दोन कप्प्यांत ४२ ते ५२ हा उजवा कप्पा मोठा दिसतो. ‘सर, ह्यो कप्पा मोठा हाय, म्हंजे तितं शेतकरी जास्त न्हवं?’ हा प्रश्न येतो आणि तो हुशार मुलाकडून येतो, कारण त्याला आजवर जे शिकवले त्यावरून हेच उत्तर निघते. स्तंभालेखात मोठा स्तंभ म्हणजे जास्त माणसे, आयतालेखातही तेच. पेटी-आलेखात नेमके उलट: प्रत्येक भागात माणसे सारखीच, भाग लांब असेल तर ती विरळ बसलेली. अकरा शेतकऱ्यांतून चतुर्थकांवरचे तिघे बाजूला काढले तर चारही भागांत दोघे-दोघेच उरतात: २८ व ३२, ३८ व ४०, ४४ व ४७, ५८ व ९६. हे बोटाने मोजून दाखवल्यावर वर्ग मान डोलावतो आणि चाचणीत पुन्हा तीच चूक करतो. ही चूक बिद्रीपुरती नाही. आर्थर बाकर, रॉल्फ बीलर आणि क्लिफर्ड कोनोल्ड या संशोधकांनी २००४ साली, लहान वयाच्या मुलांना पेटी-आलेख शिकवावा का, असा प्रश्नच निबंधाच्या मथळ्यात टाकला होता. या आलेखात एकेकटा माणूस दिसत नाही आणि दिसते ते इतर आलेखांच्या सवयीविरुद्ध वाचावे लागते, ही त्यांची अडचण बिद्रीतल्या शिक्षकालाही तोंडपाठ असते.

आता ९६ चा प्रश्न. उजवी मिशी त्याच्यापर्यंत न्यायची का? नियम असा: आंतरचतुर्थक विस्ताराची दीडपट करायची, ती तिसऱ्या चतुर्थकात मिळवायची आणि पहिल्यातून वजा करायची. सतराची दीडपट साडेपंचवीस. वरचे कुंपण ७७.५ वर, खालचे ९.५ वर. कुंपणाच्या आत जो शेवटचा आकडा सापडतो तिथे मिशी थांबते. इथे डावी २८ वर, उजवी ५८ वर. ९६ कुंपणाबाहेर उरतो. त्याला मिशी मिळत नाही, एक सुटा बिंदू मिळतो.

या बिंदूबद्दल दोन गैरसमज आहेत. पहिला, तो चुकीचा आकडा आहे, खोडून टाकावा. कधी तो खरेच चुकीचा असतो. ३६ चे ९६ लिहिले गेले असेल, किंवा शेत दीड एकराचे असून एक एकर धरले गेले असेल. तपासणे भागच असते. पण काही शेतकरी माती, बेणे, पाणी आणि खत यांची खरोखर अशी सांगड घालतात की आकडा तेवढा निघतो. त्याला कागदावरून पुसणे म्हणजे त्याच्या कष्टांवर बोळा फिरवणे. दुसरा गैरसमज गावाचा: तो बिंदू म्हणजेच गाव. चहाच्या टपरीवर चर्चा होते ती बिंदूची. एकरी शंभर टनांच्या बातम्या येतात त्या बिंदूंच्या. शिवारफेरी निघते ती बिंदूच्या बांधावर. पेटीत बसलेल्या ३५ ते ५२ टनवाल्यांच्या शेतात फोटो काढायला कुणी जात नाही, आणि गावचा ऊस मुख्यतः तेच पिकवत असतात. पेटी-आलेख बिंदूला त्याची जागा देतो, पण जाड रेघेने काढतो ती पेटी.

खरे अकरा शेतकरी निवडायचे कसे, हाही शिकवण्याचाच भाग. टपरीवर विचारले तर आकडा सांगायला बिंदूच पुढे येतो, २८ टनवाला चहा संपवून निघून जातो. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पिकाचा अंदाज तोंडी न घेता शेते यादृच्छिक रीतीने निवडून, ठरावीक तुकड्यातले पीक प्रत्यक्ष कापून तोलावे, या पद्धतीला भारतात शास्त्रीय बैठक दिली. पीक कापणी प्रयोग आजही होतात. खुद्द कोल्हापूरच्या संख्याशास्त्रज्ञाचे उदाहरण हवे असेल तर वसंत शंकर हुजूरबाजार यांचे आहे. त्यांचा जन्म १९१९ साली कोल्हापुरात झाला, पुढे त्यांनी पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग नावारूपाला आणला आणि १९७४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. कोल्हापूरला कुस्ती आणि तांबड्या रश्श्यापलीकडे संख्याशास्त्रही आहे, हे ऐकून वर्ग क्षणभर गप्प होतो.

पेटी-आलेख मात्र अमेरिकन. मेरी एलिनॉर स्पिअर यांनी १९५२ साली याच्याच जवळची एक आकृती छापली होती. आजचे रूप आणि प्रसिद्धी मिळाली ती जॉन टुकी यांच्यामुळे, विशेषतः त्यांच्या १९७७ च्या ग्रंथामुळे. कुंपणाची दीडपटही त्यांचीच. एक पट घेतली तर भली माणसेही कुंपणाबाहेर पडतात, दोन पट घेतली तर जवळजवळ कुणीच पडत नाही. दीडपट घेतली तर घंटेच्या आकाराच्या आदर्श वितरणात हजारांतले साधारण सात बाहेर राहतात. सगळी बैठक आटोपल्यावर दोघांच्या मधला आकडा धरून सौदा तोडायचा, ही रीत गुरांच्या बाजारातही मान्य आहे.

पुढची अडचण शिक्षकाची अब्रू काढणारी आहे. फळ्यावर पहिले चतुर्थक ३५ आले. एखादा विद्यार्थी तेच आकडे मोबाईलमध्ये घालतो आणि एक्सेलचे नेहमीचे सूत्र त्याला ३६.५ दाखवते, तिसरे चतुर्थक ५२ ऐवजी ४९.५. ‘सर, मोबाईल येगळंच सांगतोय’ एवढ्या एका वाक्याने तास बुडतो. दोघांचेही बरोबर असते. मध्यक स्वतः खालच्या अर्ध्यात धरायचा, वरच्या अर्ध्यात धरायचा, दोन्हींत धरायचा की कुठेच नाही, यावर जगात एकमत नाही. रॉब हाइंडमन आणि यानान फॅन यांनी १९९६ साली संगणकांच्या आज्ञावलींतल्या अशा रीती मोजल्या, त्या नऊ भरल्या. खुद्द एक्सेलमध्ये दोन आहेत आणि दुसरी वापरली तर फळ्याचे ३५ परत मिळते. मंडळाच्या परीक्षेत एकाने वाढवून चाराने भागायची रीत चालते, तीच लिहावी. नऊ रीतींचे ज्ञान उत्तरपत्रिकेत दाखवणाऱ्याला गुण मिळाल्याचे ऐकिवात नाही.

या रीतीचीही एक गंमत आहे. शेतकरी अकराच्या ऐवजी दहा असले तर अकराला चाराने भागून पावणेतीन येतात. सूत्र पावणेतिसऱ्या शेतकऱ्याचा ऊस विचारते. वर्ग हसतो. उत्तर असे की दुसऱ्या शेतकऱ्याच्या आकड्यात, दुसऱ्या-तिसऱ्यातल्या फरकाचा पाऊण भाग मिळवायचा. पावणेतिसरा शेतकरी सातबाऱ्यावर नसतो, पण त्याचा ऊस निघतो.

पेटी-आलेखाची खरी करामत एकट्या पेटीत नाही, दोन पेट्या एकाखाली एक काढल्यावर आहे. एक लागणीच्या उसाची, दुसरी खोडव्याची, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसाची. अट एकच: दोन्हींना मापाची रेघ सामाईक हवी. नाही तर खोडवा ऐसपैस दिसतो आणि लागण आकसते. खोडव्याची पेटी सहसा डावीकडे सरकलेली दिसते, पण दोन्ही पेट्या बऱ्याच भागात एकमेकींच्या समोरासमोर येतात. याचा अर्थ मुलांना अनुभवाने ठाऊक असतो: राखलेला खोडवा हेळसांड झालेल्या लागणीला मागे टाकतो. दोन सरासऱ्या शेजारी लिहून हे कधीच दिसले नसते.

पेटी काही लपवतेही. दूध संस्थेच्या वहीत एका सकाळी दहा जणांनी घातलेले दूध लिटरमध्ये असे धरा: ३, ४, ४, ५, ५, १६, १७, १७, १८, १९. पहिले पाच एका म्हशीवाले, पुढचे पाच गोठावाले. मध्यक येतो साडेदहा लिटर, आणि साडेदहाच्या आसपास दूध घालणारा एकही माणूस वहीत नाही. पेटी जवळपास ४ पासून १७ पर्यंत ऐटीत पसरते, तिच्या पोटात मोठी पोकळी असते आणि बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून पेटीच्या जोडीला प्रत्येक आकड्याचा एकेक ठिपका मांडायला शिकवावा. गावात दोन गट असल्याचे ठिपके लगेच सांगतात. पेटी सांगत नाही.

या साऱ्याचा पालकांशी संबंध येतो तो बारावीनंतर. महाराष्ट्राची सीईटी २०१९ पासून पर्सेंटाईलमध्ये निकाल देते. पर्सेंटाईल म्हणजे शतमकच: रांगेचे चार नव्हे, शंभर भाग. मुलाला ७५ पर्सेंटाईल मिळाले म्हणजे तो तिसऱ्या चतुर्थकावर उभा आहे, शंभरांतले सुमारे पंचाहत्तर त्याच्या बरोबरीचे किंवा मागे आहेत. त्याला ७५ टक्के गुण मिळाले असा त्याचा अर्थ नाही. पेपर अवघड गेला तर याहून पुष्कळ कमी गुणांतही ही जागा मिळते, सोपा गेला तर याहून जास्त गुण मिळवूनही हुकते. वडील टपरीवर ‘पोराला पंच्याहत्तर पडले’ असे सांगतात आणि समोरचा विचारतो, ‘किती पैकी?’ या प्रश्नाला उत्तर नाही. पर्सेंटाईल कशापैकी नसते, ते कितव्या जागी एवढेच सांगते. ज्याने अकरावीत मैदानावर कासरा धरला असेल, त्याने हे घरी समजावून सांगावे, इतकी अपेक्षा या प्रकरणाकडून ठेवायला हरकत नाही.